कबर सापडली नाही, तरी नाव सापडते

मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात दर वर्षी ३१ जुलैला बाहेरगावची माणसे येतात. १९८० साली याच तारखेला मोहम्मद रफी यांचा इंतकाल झाला आणि त्यांना इथे दफन करण्यात आले. आज त्या जागेवर त्यांच्या नावाचा दगड नाही. २०१० मध्ये जागेच्या टंचाईमुळे इथल्या जुन्या पक्क्या कबरी काढून नव्या मय्यतींसाठी जमीन मोकळी करण्यात आली. त्यात रफी यांच्याबरोबर मधुबाला यांचीही कबर होती. येणारे चाहते आता जवळच्या एका नारळाच्या झाडावरून अंदाज घेतात आणि तिथे उभे राहून फातिहा पढतात.

ज्यांचा आवाज घराघरात आहे त्यांची खूण एका नारळाच्या झाडावर आली. मग डोंगरीत एखाद्या चाळीत वारलेल्या आपल्या पणजीची किंवा गोदीत काम करणाऱ्या आजोबांची कबर कुठे शोधायची? शबे बरातच्या रात्री हा प्रश्न अनेक घरांत निघतो. मुले विचारतात, "दादाजींची कबर कोणती?" घरातले वडीलधारे हाताने एक दिशा दाखवतात आणि म्हणतात, "तिकडे, भिंतीजवळ कुठेतरी."

या "कुठेतरी"च्या पुढे जाता येते. कबर हाती लागेलच असे नाही, पण माणसाचे नाव, तारीख, राहण्याचे ठिकाण आणि कब्रस्तान या गोष्टी बऱ्याचदा कागदावर शिल्लक असतात. ते कागद कुठे असतात आणि कसे वाचायचे, ते या लेखात आम्ही मांडत आहोत.

खूण ठेवण्याला आधार आहे

कबरीचा शोध घेणे म्हणजे कबरपरस्ती नव्हे, हे आधी स्पष्ट करू. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांना मदीन्यात दफन केल्यावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एक दगड आणायला सांगितले. तो जड होता, आणणाऱ्याला उचलेना. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) बाह्या वर सारून तो स्वतः उचलला आणि कबरीच्या डोक्याशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी आणि घरच्यांना त्याच्याजवळ दफन करता यावे, हा त्यामागचा हेतू त्यांनी सांगितला. ही हकीगत अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. आपल्या वालिदांच्या कबरीची जियारत प्रेषितांनी (सल्ल.) केल्याचेही हदीसमध्ये येते.

म्हणजे ओळखण्यापुरती खूण ठेवणे आणि जियारतीला जाणे याला आधार आहे. कबर पक्की बांधणे, तिच्यावर लिहिणे याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. पण कबरीवर लिहायचे नाही असे ज्या जमातीत मानतात, तिथे वहीत लिहिण्याची गरज दुप्पट होते.

कबरी का सापडत नाहीत?

कारण साधे आहे. आपल्याकडे दफन मातीत होते आणि माती आपले काम करते. मय्यत पूर्ण मातीत मिसळल्यावर त्याच जागी दुसरे दफन करता येते, असे बहुतेक फकीह मानतात. मुंबईसारख्या शहरात याला पर्यायही नाही. मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान असो की माझगावची नारियलवाडी, जमीन तेवढीच आणि शहर कितीतरी पटींनी वाढलेले. काही जुन्या घराण्यांचे स्वतःचे ओटे असायचे. बाकीच्यांची कबर काही काळाने पुन्हा खोदली जाते. गावी वेगळीच अडचण असते. कोकणात दोन पावसाळ्यांत मातीचा उंचवटा सपाट होतो आणि जांभ्या दगडाची खूण गवतात बुडते. कोणती कबर कुणाची हे ज्या एका म्हाताऱ्याला ठाऊक असते, तो एक दिवस स्वतःच तिथे जाऊन निजतो.

म्हणून शोध जमिनीवरून सुरू करू नये. तो कागदावरून सुरू करावा आणि जमिनीवर शेवटी जावे.

सुरुवात घरातून

कब्रस्तानच्या कार्यालयात "आमचे पणजोबा इथे आहेत का?" असे विचारून उपयोग नसतो. तिथल्या वह्या तारखेप्रमाणे लावलेल्या असतात, नावाप्रमाणे नव्हे. त्यामुळे आधी साल आणि शक्य तर महिना जवळपास आणावा लागतो.

घरातल्या वयस्कर स्त्रियांना विचारा. त्यांना तारीख आठवत नाही, पण प्रसंग आठवतात. "रमजानचे दिवस होते", "धाकटा पोटात होता", "त्या साली पूर आला होता", "बाबा अजून आफ्रिकेत होते." एवढ्यावरून साल दोन-तीन वर्षांच्या अंतरात येते. मग निकाहनामा, शाळेचा दाखला, रेशन कार्ड, जुना पासपोर्ट, गोदीचे किंवा गिरणीचे ओळखपत्र, कुरआन शरीफच्या कोऱ्या पानावर आजोबांनी लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या तारखा, जे असेल ते बाहेर काढा. निकाहनामा विशेष कामाचा, कारण त्यात वडिलांचे नाव आणि गाव दोन्ही असते.

नावाची सगळी रूपेही एका कागदावर लिहून ठेवा. वही लिहिणारा कारकून कानावर पडेल तसे लिहायचा. इब्राहिमचा इभ्राम व्हायचा, मुहम्मदचा महमद, खदीजाची खातिजा, फातिमाची फातमा. शिवाय आज आपण लावतो ते आडनाव तेव्हा लावत असतीलच असे नाही. कुठे फक्त "वल्द अमुक" असते, कुठे आडनावाच्या जागी गावाचे नाव, तर कुठे धंदा.

कब्रस्तानची वही

मुंबईत मृत्यूंची नोंद १८४८ पासून सुरू झाली. शहरातल्या कब्रस्तानात दफनाची नोंद करण्याची पद्धत त्यामुळे जुनी आहे. वहीत साधारणपणे अनुक्रमांक, तारीख, मय्यतचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, राहण्याचा पत्ता आणि मृत्यूचे कारण असते. काही ठिकाणी ओळ आणि कबरीचा क्रमांकही मिळतो.

आधी कोणते कब्रस्तान ते ठरवावे लागते. मय्यत सहसा मोहल्ल्याजवळच्या आणि आपल्या जमातीच्या कब्रस्तानात जायची. सुन्नी, शिया, बोहरा, खोजा यांची कब्रस्ताने वेगळी. तेव्हा वारला त्या वेळी माणूस राहायचा कुठे, इस्पितळात वारला की घरी, मय्यत उचलली कुणी, हे विचारून घ्या. मग ट्रस्टच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात नावाची दोन-तीन रूपे, सालाचा अंदाज, पत्ता आणि तुमचे नाते लिहा. जुम्म्याचा दिवस आणि दफन चालू असण्याची वेळ टाळा. जुनी वही हाताळताना पाने ओल्या बोटाने उलटू नका. परवानगी घेऊन फोटो काढा, आणि फक्त तुमच्या नावाचा नव्हे, पूर्ण पानाचा काढा. साथीच्या दिवसांत एकाच घरातली दोन-तीन माणसे एकाच आठवड्यात गेलेली असतात. १८९६ पासूनच्या प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या पानांवर हे हमखास दिसते.

गावी ट्रस्टचे कार्यालय नसते. तिथे मुतवल्ली, पेशइमाम किंवा जमातीचा सेक्रेटरी यांच्याकडे वही असते. कधी ती दफनाची वही नसते, चंद्याची असते. पण एखाद्या घराचा चंदा बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर कधी गेला, यावरूनही साल कळते.

सरकारी दप्तर

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे कुणालाही फी भरून नोंदवहीत शोध घ्यायला सांगता येते आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागता येतो. उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र देत नाहीत. शहरात हे काम महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, तर खेड्यात ग्रामपंचायतीकडे असते.

त्याआधीच्या काळासाठी महाराष्ट्रात एक फार मोलाचे दप्तर आहे. ते म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक "कोतवाल बुक" म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, याची नोंद त्यात असते. मृत्यूच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, ताप असे कारण असते आणि जातीच्या रकान्यात मुसलमान, मोमीन, तांबोळी, बागवान, मुलाणी, पिंजारी असे लिहिलेले आढळते. जातीच्या दाखल्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी हे बुक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढलेले असेल. दाखल्यापुरती एक ओळ उतरवून घेतली आणि पान मिटले, असे होते. पण त्याच वहीत आजोबांच्या भावंडांच्या, लहानपणी गेलेल्या मुलांच्या नोंदी असतात. पुढच्या वेळी त्याही पाहा.

जुनी पाने मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, आणि पुराभिलेख खात्याचे मोडी प्रशिक्षण वर्गही होतात. घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने ही लिपी शिकली तर साऱ्या मोहल्ल्याचे काम होईल. मराठवाड्यात निजामी काळातले कागद उर्दूत आणि साल फसली असते. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी साल येते. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

जमिनीचा कागद आणि बायकांची नावे

आता एक अडचण, जी प्रत्येक शोधात येते. कब्रस्तानच्या जुन्या वहीत पुरुषाचे नाव असते. बाई असेल तर "अमुकची औरत", "तमुकची आई" एवढेच.

आमच्या घरात हेच झाले. वडिलांची दादी मुंबईत वारली होती. वडील तेव्हा लहान होते. साल १९५० च्या आसपासचे, दिवस पावसाळ्याचे. वहीत नोंद मिळाली ती अशी : मुलाचे नाव, त्याचा धंदा खलाशी, आणि पुढे "याची आई, वय अंदाजे साठ, राहणार डोंगरी". पत्ता जुळला, मुलाचे नाव जुळले. तिचे स्वतःचे नाव मात्र कुठेच नव्हते आणि घरातही ते कुणाला ठाऊक नव्हते.

ते मिळाले गावच्या जमिनीच्या कागदात. जमीनधारक वारला की त्याच्या वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते आणि फेरफार निघतो. त्यात मृत्यूची तारीख येते आणि वारसांची नावे येतात. शरीअतप्रमाणे मुलीला हिस्सा आहे आणि मुलेबाळे असलेल्या विधवेला आठवा हिस्सा आहे. हिस्सा द्यायचा तर नाव लिहावेच लागते. आमच्या पणजोबांच्या फेरफारात दोन मुलगे, एक मुलगी आणि शेवटी विधवेचे नाव होते. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी ते दोनदा मोठ्याने वाचले. वडील म्हणाले, "आम्ही तिला दादीच म्हणायचो. तिला नाव होतं हे कुणी सांगितलंच नाही."

दफनाच्या वहीने जे नाव सोडले ते वारसाहक्काने जपले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातली एखादी स्त्री कब्रस्तानच्या वहीत सापडत नसेल तर तिला फेरफारात शोधा, निकाहच्या नोंदीत शोधा, मेहेरच्या कागदात शोधा. आणि एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. जिथे मुलींचा हिस्सा दडपला गेला, तिथे त्यांची नावेही कागदावर आली नाहीत. हक्क बुडाला, त्याबरोबर आठवणही बुडाली.

दादीची कबर आम्हाला मिळाली नाही. त्या ओळीत नंतर अनेकदा दफन झालेले आहे. वहीत जागेचा क्रमांकही नव्हता. वडिलांनी फाटकाजवळ उभे राहून सगळ्या कब्रस्तानाला सलाम केला आणि तिचे नाव घेऊन मगफिरतीची दुआ मागितली.

दगडावरचे लेखन

गावी जुने दगड शिल्लक असतील तर ते घाईत घासून-पुसून साफ करू नका. तारेचा ब्रश, अॅसिड, चुना यांपासून लांब राहा. साधे पाणी आणि मऊ कापड पुरे. सकाळी किंवा संध्याकाळी उन्ह तिरपे असताना अक्षरे स्पष्ट दिसतात, फोटो तेव्हा काढा.

दगडावर उर्दू किंवा फारसीत "इब्न" म्हणजे मुलगा, "बिन्त" म्हणजे मुलगी, "जौजा" म्हणजे बायको, "सने वफात" म्हणजे मृत्यूचे साल. साल हिजरी असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण इसवी साल येते. १३३७ हिजरी या हिशेबाने १९१८-१९ च्या आसपास येते, आणि खरोखरच ते साल ऑक्टोबर १९१८ मध्ये सुरू झाले होते. एखाद्या दगडावर आकडा नसून फक्त एखादी ओळ असते. तिथे अबजदच्या हिशेबाने अक्षरांची बेरीज करून साल काढायचे असते. बिस्मिल्लाहचे ७८६ आपण ज्या रीतीने काढतो तीच ही रीत. मदरशातले उस्ताद किंवा उर्दूचे शिक्षक ते सहज सांगतील.

ज्यांची कबर समुद्रात आहे

कोकणातल्या मोहल्ल्यांत अशी घरे पुष्कळ आहेत, ज्यांचा माणूस जहाजावर गेला आणि परत आलाच नाही. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने होते. जहाज बुडाले की घरी तार यायची, मय्यत यायची नाही.

त्यांची नावे मात्र लिहिलेली आहेत. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, म्हणजे इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची नावेही मुंबईतल्या नोंदीत आहेत. युद्धातल्या मृतांच्या कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी मोफत पाहता येते. त्यात काही नावांपुढे बापाचे नाव आणि गावही मिळते. इंग्रजी स्पेलिंग विचित्र असते, म्हणून नावाऐवजी गावाच्या किंवा जहाजाच्या नावाने शोधून पाहा.

परदेशातल्या कबरीही हलतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये वारलेल्या मुसलमान सैनिकांसाठी वोकिंग इथे १९१७ मध्ये कब्रस्तान पूर्ण झाले. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या कबरी ब्रुकवुडच्या लष्करी कब्रस्तानात नेण्यात आल्या. वोकिंगला जाऊन शोधणाऱ्याला आज तिथे बाग दिसते. कोणाची कबर कुठे नेली, हे वहीत लिहिलेले होते म्हणूनच कळते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कोकणी मुसलमान जात होते. तिथल्या सरकारी परवान्यांच्या फाइलींत त्यांचे गाव नोंदलेले आहे. तिकडचे नातवंड-पतवंड आता इकडे गाव शोधत येतात. आपल्या जमातीच्या वहीत त्यांना काय सापडेल, याचा विचार आपणच करायला हवा.

आजची वही

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे आपल्याला शोधतील. तेव्हा त्यांना काय मिळेल?

२०२० आणि २०२१ मध्ये अनेक घरांनी आपल्या माणसाला माती दिली नाही. इस्पितळातून मय्यत थेट कब्रस्तानात गेली, घरचे विलगीकरणात होते, चार अनोळखी तरुणांनी दफन केले. त्या घरांसाठी कब्रस्तानची वही हाच एकमेव साक्षीदार आहे. ती वही आज कोणत्या कपाटात आहे, तिला वाळवी लागली का, तिची दुसरी प्रत आहे का, हे आपापल्या जमातीत विचारा.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. चांगल्या कागदाची बांधीव वही घ्यावी आणि पक्क्या शाईने लिहावे. प्रत्येक मय्यतचे पूर्ण नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, जन्मसाल, इंतकालची इसवी आणि हिजरी तारीख, मूळ गाव, दफनाची ओळ आणि जागा, जवळच्या वारसाचे नाव आणि फोन, एवढे रकाने पुरेत. कब्रस्तानचा साधा नकाशा काढून ओळींना क्रमांक द्यावेत. जागा पुन्हा वापरली तर जुन्या नोंदीसमोर तसे लिहावे, जुनी नोंद खोडू नये. दर वर्षी सर्व पानांचे फोटो काढून एक प्रत दुसऱ्या गावी किंवा शहरात ठेवावी. परदेशात वारलेल्या गावकऱ्याचीही नोंद करावी, मग दफन कुवेतला झालेले असो की लंडनला.

कब्रस्तानच्या जमिनीचे कागदही याच वेळी पाहून घ्यावेत. सातबाऱ्यावर कब्रस्तान म्हणून नोंद आहे का, गावनकाशात दाखवले आहे का, वक्फ मंडळाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का? जमीनच हातची गेली तर वही कोणत्या जागेची सांगणार? उलट, दफनाची सलग आणि जुनी वही ही जागा कब्रस्तान म्हणून वापरात असल्याचा चांगला पुरावा ठरू शकते.

मे महिन्यात मुंबई आणि आखातातली घरे गावी येतात. मोहल्ला भरलेला असतो. कॉलेजात जाणारी चार मुले, चार मुली, दोन म्हातारी माणसे आणि एक वही, एवढ्यावर काम सुरू होते. म्हाताऱ्यांनी सांगायचे, मुलांनी लिहायचे. मुली कब्रस्तानात जात नसतील तिथे त्यांनी घरोघरी जाऊन आज्यांकडून नावे गोळा करावीत. त्या आज्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याच दप्तरात नसते.

आणि लिहिताना एक नियम पाळावा. "अमुकची औरत" लिहून पुढे जाऊ नये. तिचे नाव विचारावे आणि तेही त्याच शाईने लिहावे.